बुजवलेली जाळी

१

भिंतीची बातमी आली तेव्हा बाई दात घासत होत्या. फोनवर कंत्राटदार एवढंच म्हणाला, "मॅडम, भिंत गेली."

बाईंना वाटलं, पडली. तोंडातला फेस तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "कुणाला लागलं का?"

"लागलं नाही हो कुणाला. पडली असती तर परवडलं असतं. तुम्ही या."

त्यांना आपण बाईच म्हणू. त्यांच्या ऑफिसात त्यांना मॅडम म्हणतात आणि वस्तीत बाई म्हणतात, आणि वस्तीतलं नाव त्यांना जास्त आवडतं. बाई आर्किटेक्ट होत्या, पण बंगले बांधणाऱ्या नव्हेत. ज्यांच्यासाठी कुणी काही बांधत नाही त्यांच्यासाठी बांधायचं, तेही झाडं न तोडता, वीज न उधळता, लोकांना विचारून, हा त्यांचा वसा होता. ओढ्याकाठच्या या वस्तीत सगळे कचरा निवडणारे. दिवसभर धुळीत आणि घाणीत हात घालणारी माणसं, आणि अंघोळीला आडोसा म्हणून ताडपत्री. बाईंनी त्यांना न्हाणीघर बांधून दिलं. पंखा नाही, यंत्र नाही. विटा अशा रचल्या की मध्ये मध्ये भोकं राहिली आणि सगळ्या भिंतीची जाळी झाली. वारा त्या जाळीतून आत यायचा आणि वरून निघून जायचा. अंघोळीचं पाणी लव्हाळ्याच्या वाफ्यातून स्वच्छ होऊन झाडांना जायचं. ओढ्यावर छोटा पूलही बांधला होता आणि त्यावर बसायला बाक. उद्या पुरस्काराची समिती हे सगळं बघायला येणार होती. पुरस्कार मिळाला असता तर आणखी वस्त्यांत अशीच न्हाणीघरं बांधायचं काम मिळणार होतं.

आणि आज ओढ्याकडची ती जाळी चिखलाने बुजवलेली होती. एकेक भोक आतून ठासून भरलेलं. आतले दिवेही गायब होते. दाराचं कुलूप मात्र शाबूत होतं.

किल्ल्या तिघांकडे असत. एक कंत्राटदाराकडे, एक वॉचमनकाकांकडे आणि एक अक्कांकडे. अक्का म्हणजे वस्तीतल्याच एक विधवा बाई, न्हाणीघराची देखभाल करणाऱ्या. त्या कामाबरोबर त्यांना मागची एक पक्की खोली मिळाली होती, आणि त्या खोलीत त्या आपल्या सुनेला घेऊन राहत. मुलगा कामासाठी दूरगावी होता.

"अक्का, हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

अक्का जमिनीकडे बघत राहिल्या.

"तुमच्यावर विश्वास टाकून मी किल्ली दिली होती. संध्याकाळपर्यंत नाव सांगा. नाहीतर किल्ली परत करा."

किल्ली परत म्हणजे खोलीही परत, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. बाईंनाही कळलं होतं. तरी त्या बोलल्या, कारण त्या फार दुखावल्या होत्या, आणि दुखावलेल्या भल्या माणसाइतकं कठोर कुणी नसतं.

तेवढ्यात गाडीचं दार धाडकन वाजलं आणि काठी टेकत एक म्हातारी खाली उतरली.

"नाव सांगायला संध्याकाळ कशाला हवी?" ती म्हणाली. "भिंतच सांगेल की."

२

या बाईंच्या आत्या. जन्मभर विमा कंपनीत नोकरी. जळलेली गोदामं, बुडालेले ट्रक, चोरीला गेलेली आणि मग मेव्हण्याच्या घरी सापडलेली यंत्रं बघायची आणि खरं कोण, खोटं कोण ते सांगायचं, हे त्यांचं काम. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भाचीकडे राहायला आल्या होत्या आणि टीव्हीला कंटाळून आज गाडीत बसल्या होत्या. त्यांच्या नाकावर माशी बसायची हिंमत करत नसे.

आत्या आत गेल्या आणि भिंतीजवळ नाक नेऊन बघू लागल्या. बाईंच्या ऑफिसातला मॉडेल बनवणारा, ज्याला सगळे पुठ्ठेवाला म्हणत, तो मागे कॅमेरा घेऊन उभा होता.

"थापी वापरलेली नाही," आत्या म्हणाल्या. "हातांनी लिंपलंय. हा हात बघ, लहान. हा मोठा. इथे अंगठीची खूण. एकट्यादुकट्याचं काम नाही हे."

"सगळी वस्ती सामील आहे म्हणजे," कंत्राटदार म्हणाला. "मी तर आधीच म्हणत होतो. यांना काही द्यायची सोय नाही. लोकांना दाखवायला मॉडेल नेलं होतं, तेही खराब केलं यांनी."

"हो," पुठ्ठेवाला म्हणाला. "त्या सभेनंतर मॉडेलवर कुणीतरी चिंधी चिकटवून ठेवली होती. काढताना पुठ्ठा फाटला माझा."

आत्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. मग काठीने वर दाखवलं. "चिखल इथपर्यंतच आहे. उंच बाईच्या डोक्याच्या जरा वर. त्याच्यावरची भोकं मोकळी सोडलीत. का?"

"हात पोचला नसेल," कंत्राटदार म्हणाला.

"कोपऱ्यात स्टूल पडलंय. पायाला चिखल लागलाय त्याच्या." आत्या स्टुलाकडे बघत राहिल्या. "ज्याला इमारतीचं वाटोळं करायचंय तो वारा जायला जागा ठेवतो होय? आणि रस्त्याकडच्या भिंतीला हातही लावत नाही? समिती तर रस्त्यानेच येणार."

मग आत्यांनी कंत्राटदारालाच धरलं. "तुम्हाला ही जाळी पसंत नव्हती ना?"

"नव्हतीच. चार पंखे बसवा म्हणालो होतो, मला दोन पैसे सुटले असते. लपवत नाही मी. पण आत्याबाई, उद्या समिती खूश झाली तर पुढची कामंही मलाच मिळणार आहेत. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मी काय वेडा आहे?"

हे मात्र खरं वाटलं. हावरट माणसाचं एक बरं असतं, त्याचा हिशेब सरळ असतो.

"चोर दिवे घेऊन गेला, त्याचं काय?" बाई म्हणाल्या. "ती तर चोरीच आहे ना?"

आत्यांनी कोपऱ्यातली पालथी बादली काठीने उलटवली. आत जुन्या टॉवेलात गुंडाळून, एकमेकांना लागू नयेत असे दिवे नीट ठेवलेले होते.

३

"दिवे काढले आणि जपून ठेवले," आत्या पुटपुटल्या. "चोर भारी संसारी दिसतोय."

वॉचमनकाका रात्री दाराशी असत. त्यांना विचारलं तर ते डोळ्याला डोळा भिडवेनात. "झोप लागली होती हो. म्हातारा झालो."

"इतकी माणसं चिखल घेऊन आत गेली आणि तुम्हाला झोप?"

"चूक झाली."

"चुकीचं नाही विचारत मी. संध्याकाळी इथे काय चालतं?"

काकांनी पुलाकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घेतली. "संध्याकाळी काय चालणार? बायका कामावरून येतात, अंघोळीला जातात. जायच्या, म्हणजे. आता येत नाहीत फारशा."

"का?"

"मला काय माहीत? बायकांचं बायकांना." आणि त्यांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच.

आत्या पुलावर गेल्या. बाईही मागोमाग गेल्या. पुलावरचे बाक म्हणजे बाईंचा जीव की प्राण. त्यांना पाठ नव्हती, म्हणजे कुठल्याही बाजूला तोंड करून बसता यायचं. एका अंगाला ओढ्याचं वळण, झाडं, पाण्यावर उतरणारे पक्षी. दुसऱ्या अंगाला न्हाणीघराची मागची भिंत.

"लोक दमूनभागून येतात," बाई म्हणाल्या. "दोन घटका बसावं, झाडं बघावीत, म्हणून केलं हे."

आत्यांनी बाकाखाली काठी फिरवली. शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं, पानाच्या पिचकाऱ्या, नुसता उकिरडा. पण सगळा एकाच बाजूला. झाडांकडची बाजू घासूनपुसून ठेवल्यासारखी स्वच्छ होती.

"तुझी झाडं कुणी बघत नाही ग," आत्या म्हणाल्या.

बाईंना ते नीट ऐकू गेलं नाही, कारण अक्का समोरून येत होत्या. त्यांच्या हातात किल्ली होती.

"घ्या," अक्का म्हणाल्या. "मी केलं सगळं. एकटीने. कुणाला विचारू नका आता."

"पण का, अक्का?"

"डोकं फिरलं माझं. समजा वेड लागलं." त्यांनी किल्ली बाकावर ठेवली. "आम्ही आजच खोली रिकामी करतो."

४

कंत्राटदार खूश झाला. "झालं! गुन्हेगार सापडला. आता पोरं लावून चिखल काढून टाकतो, उद्यापर्यंत भिंत चकाचक."

बाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला होता, पण सुटल्यासारखंही वाटत होतं. आत्यांना मात्र काही पटलं नव्हतं. निरनिराळ्या हातांचे ठसे भिंतीवर असताना एकटी बाई गुन्हा अंगावर घेते, ती कुणाला तरी पाठीशी घालायला. किंवा चौकशी तिथेच थांबावी म्हणून.

त्या मागच्या खोलीशी गेल्या. अक्कांची सून बोचकं बांधत होती. वीस-बाविशीची मुलगी, केस धुळीने राखट झालेले. आत्या न विचारता उंबऱ्यावर बसल्या.

"बाळ, तू कामाहून आल्यावर अंघोळ कुठे करतेस?"

मुलगी बोचक्याची गाठ मारत राहिली. "घरातच. बादलीत. टॉवेल ओला करून पुसून घेते."

"दाराला लागून एवढं न्हाणीघर असताना?"

गाठ सुटली, तिने ती पुन्हा मारली.

"पहिल्यांदा जायचीस ना?"

"जायचे. पहिले काही दिवस. इतकं बरं वाटायचं, आत्या. भरपूर पाणी, वारा." आणि एकदम तिचा चेहरा असा झाला की आत्यांना वाटलं, आपण हा प्रश्न विचारायला नको होता. "मग मला एक नाव पडलं वस्तीत. रस्त्याने जाताना म्हणतात. मी ते सांगणार नाही."

"नको सांगूस."

"सासूबाईंना तेव्हा कळलं. त्या कुणाशी भांडल्या नाहीत. कुणाशी भांडणार? म्हणणाऱ्यांत माझा चुलतदीर पण आहे." ती रडली नाही. तिने बोचकं उचलून दाराशी ठेवलं आणि म्हणाली, "बाईंना हे कळलं तर त्या सभा घेतील. सगळ्यांना बोलावतील आणि विचारतील. तुम्ही त्यांना सभा घेऊ देऊ नका."

आत्या काठीवर भार देऊन उठल्या आणि थेट गाडीकडे गेल्या. "ऑफिसात चल," त्या भाचीला म्हणाल्या. "मला ते मॉडेल बघायचंय. आणि तो पुठ्ठेवाला बरोबर हवा. बाकी कुणी नको."

५

ऑफिसात दुपारचं लख्ख ऊन होतं. न्हाणीघराचं मॉडेल काचेच्या टेबलावर मांडलेलं होतं, पुठ्ठ्याचं, एकेक भोक कोरलेलं. आत पुठ्ठ्याच्या छोट्या छोट्या बायका उभ्या होत्या. एक केस धुणारी, एक वाकलेली. पुठ्ठेवाल्याची हौस.

"हे तपासलंत कसं?" आत्यांनी विचारलं.

बाईंना हा प्रश्न आवडला. त्यांनी टेबललॅम्प उचलून मॉडेलभोवती फिरवून दाखवला. "हा सूर्य. सकाळी इथे, दुपारी इथे. बघ, उजेड आत कसा छान पसरतो. दिवसा दिवा लावायची गरज नाही. आणि बाहेरून बघ, भोकं नुसती काळी दिसतात. आतलं काही दिसत नाही. आडोशाचा विचार केलाय आम्ही, आत्या."

"तू तिथे जाऊन बघितलंस?"

"किती वेळा. फोटो काढणाऱ्यांनाही नेलंय."

"कधी?"

"सकाळी. अकराच्या सुमारास, प्रकाश चांगला असतो."

"त्या बायका कामावरून कधी येतात ग?"

बाईंनी लॅम्प खाली ठेवला.

"चिंधी कुठे चिकटवली होती रे?" आत्या पुठ्ठेवाल्याकडे वळल्या.

तो पुढे झाला आणि बोट ठेवता ठेवता थबकला. "इथेच. ओढ्याकडच्या भिंतीवर. इथपासून इथपर्यंत." चिखल होता तेवढ्याच जागेवर, तितक्याच उंचीपर्यंत. "मला वाटलं, पोरांनी केलं असेल. मॅडम म्हणाल्या, फोटो काढायचेत, साफ करून घे."

"पडदे ओढा," आत्या म्हणाल्या.

खोली अंधारली. आत्यांनी पर्समधून छोटी बॅटरी काढली, मॉडेलचं छप्पर उचललं, बॅटरी पेटवून आत ठेवली आणि छप्पर परत लावलं.

भिंतीचं एकेक भोक उजळलं होतं आणि त्या भोकाभोकांतून आतल्या बायका दिसत होत्या. केस धुणारी दिसत होती. वाकलेली दिसत होती. टेबलाच्या पलीकडच्या कडेला, पुठ्ठ्याच्या पुलावर, पुठ्ठ्याचेच बाक होते आणि त्यांवर पुठ्ठ्याची माणसं बसलेली. त्यांची तोंडं याच बाजूला होती. पुठ्ठेवाल्याने ती सहज म्हणून तशी लावली होती.

त्याने छप्पर उचलून बॅटरी बंद केली. कुणी सांगायच्या आधीच.

"दिवसा बाहेर उजेड, आत अंधार," आत्या अंधारात म्हणाल्या. "दिवे लागले की उलटं. तू सूर्य चारी बाजूंनी फिरवलास, पण आत दिवा कधी ठेवला नाहीस. त्यांनी आधी दिवे काढले. पण अंधारात अंघोळ कशी करणार, पाय घसरेल. मग भिंत बुजवली. वारा जावा म्हणून वरची भोकं सोडली. तुझ्या इमारतीवर त्यांचा राग नाही ग. त्यांना ती वापरायची आहे."

"पण मी विचारलं होतं!" बाईंचा आवाज फाटला. "सभा घेतली होती. सगळ्यांसमोर विचारलं होतं, काही अडचण आहे का म्हणून."

"सगळ्यांसमोर," आत्या म्हणाल्या. "सासऱ्यासमोर, दिरासमोर, त्या बाकावर बसणार होते त्यांच्यासमोर. कुठली बाई उठून बोलेल, की मी उघडी दिसेन? त्यांनी चिंधी लावली. तीही तुम्ही साफ करून घेतलीत."

बाई खाली बसल्या. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटत होतं, पण ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं.

मग त्या ताडकन उठल्या. "तो चिखल! कंत्राटदार काढतोय तो!"

६

पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. चिखल निघालेला होता. जाळी धुऊन पुसून चकाचक केली होती आणि कंत्राटदार शाबासकीची वाट बघत उभा होता. मागच्या खोलीच्या दाराशी बोचकी होती आणि बोचक्यांशेजारी अक्का व सून.

बाई अक्कांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सकाळी याच जागेवर त्यांनी या बाईकडे किल्ली परत मागितली होती. माफी मागायला तोंड उघडलं तर कारण सांगावं लागणार, आणि कंत्राटदार, त्याची पोरं, वॉचमन सगळे तिथेच.

"तू आत जा," आत्या हळूच म्हणाल्या. "दिवा लाव आणि अंघोळीची तयारी कर. कर तर खरं."

बाई आत गेल्या. कडी लावली. बादलीतला एक दिवा काढून जागेवर बसवला आणि बटण दाबलं. त्यांचं न्हाणीघर सुंदर दिसत होतं, अगदी चित्रात काढलं होतं तसं. वारा येत होता. त्यांनी शर्टाच्या बाहीचं बटण काढलं. दुसऱ्या बाहीचं काढलं. गळ्याच्या बटणाला हात लावला, आणि पुलावरून शेंग फोडल्याचा आवाज आला.

नुसता तेवढाच आवाज. मग कुणीतरी हळू हसलं. मग कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं.

बाईंचा हात गळ्याशीच राहिला. जाळीतून त्यांना बाहेर काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. कोण आहे, किती जण आहेत, काही कळत नव्हतं. त्या उंची कापडात होत्या, मोठ्या शाळेत शिकलेल्या, पुरस्काराच्या उंबरठ्यावर उभ्या, आणि स्वतः बांधलेल्या भिंतीआड त्यांना एक बटण काढता येईना. त्यांनी झडप घालून दिवा बंद केला आणि अंधारात ओल्या फरशीवर उकिडव्या बसल्या. ती मुलगी इथे किती संध्याकाळी विश्वासाने न्हाली असेल, हे मनात आलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दार उघडून त्या बाहेर आल्या तेव्हा अक्का समोरच होत्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. अक्कांना कळलं की यांना कळलं.

बाईंनी बाकावरून आणलेली किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "अक्का, मी..." त्यांनी बाही वर सारली. "माती कुठून आणलीत तुम्ही?"

"ओढ्याच्या वळणावरून."

"मला दाखवाल?"

अक्कांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "लाज आमची नव्हती, बाई. पण राखावी आम्हालाच लागली." आणि घमेलं घ्यायला वळल्या.

कंत्राटदार ओरडत राहिला. आत्यांनी त्याला काठीने बाजूला केलं. थोड्या वेळाने एकेक करून वस्तीतल्या बायका आल्या, कुणी न बोलावता, आणि बाहीचं बटण न लावलेल्या बाई त्यांच्यात बसून भोकं बुजवू लागल्या. त्यांचं काम सगळ्यांत वाईट होतं. एका म्हातारीने ते दोनदा काढून पुन्हा केलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. रस्त्याकडची जाळी बघून वाहवा झाली. मग मंडळी मागच्या बाजूला गेली.

"हे काय?" समितीच्या प्रमुखांनी विचारलं.

"ही भिंत मी चुकीची बांधली," बाई म्हणाल्या. "वापरणाऱ्यांनी ती दुरुस्त केली."

"चूक काय होती?"

अक्का आणि सून जरा लांब उभ्या होत्या. सुनेची मान खाली होती. बाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे, एवढंच लिहा."

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उत्तर न देणाऱ्या आर्किटेक्टला पुरस्कार कोण देणार? मंडळी चहा न घेताच गेली. पुरस्कार गेला, त्याबरोबर पुढच्या वस्त्यांची कामंही गेली, आणि कंत्राटदाराने दिवसभर जे काही म्हटलं ते इथे देण्यासारखं नाही.

"बाक उलटे करून घेऊ का?" बाईंनी अक्कांना विचारलं. आज त्या दोघीच होत्या, खोलीचं दार लावून. सभा नव्हती.

"बाकाला कुठे पाठ आहे? माणूसच उलटा होऊन बसतो," अक्का म्हणाल्या. "बाक राहू द्या. भिंत नीट करा. वरती हवा, खाली आडोसा."

"तुम्ही सांगाल तशी. आधी मॉडेल इथे आणते. या खोलीत. फक्त तुम्ही बघायचं. आणि आत दिवा ठेवून."

संध्याकाळ झाली. बायका कामावरून परतल्या. सून टॉवेल आणि साबण घेऊन न्हाणीघराच्या दाराशी आली आणि थांबली. तिने बाईंकडे बघितलं.

"मी बघून येते," बाई म्हणाल्या आणि पुलावर गेल्या. बाकावर दोघे-तिघे होते. त्यांना बघून ते उठले आणि चपला ओढत निघून गेले. त्यांतल्या एकाने, तो चुलतदीर असेल किंवा नसेल, जाताना मान वळवली नाही.

आत दिवा लागला. वरच्या भोकांतून पिवळा उजेड बाहेर आला, छताशी, आभाळाकडे. खाली नुसता चिखल. पाण्याचा आवाज येऊ लागला. बाईंनी डोळे बारीक केले, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, वाकून बघितलं. काही दिसत नव्हतं. तरी खात्री करायला त्या बघतच राहिल्या.

मग आपणही तिकडेच बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी झाडांकडे तोंड फिरवलं.